बाहुल्यांच्या पायरीवरचा काळा डबा

माझ्याकडे हेडफोन आधी आले आणि ते कशाला जोडायचे हा प्रश्न नंतर आला. म्हैसूरच्या एखाद्या टांगेवाल्याने आधी टांगा घेतला आणि मग घोडा शोधत गावभर हिंडला असं कुणी ऐकलं नसेल. मी मात्र पन्नाशी उलटल्यावर नेमकं तेच केलं, आणि वर पेढे वाटले.

हेडफोन मात्र काय होते! वाटीएवढे दोन कान, आतून मऊ मखमल, बाहेरून काळी नक्षीदार जाळी. आवाज मागच्या बाजूने मोकळा सुटावा म्हणून ती जाळी. मी ते पहिल्यांदा डोक्यावर चढवले तेव्हा आरशासमोर उभा राहून डावीकडून, उजवीकडून आणि थोडा मागून असं स्वतःला पाहून घेतलं. मग फोनला जोडले. आवाज आला, पण शेजारच्या घरातला रेडिओ भिंतीतून ऐकावा तसा. फोनच्या अंगात ती ताकदच नव्हती. अशा हेडफोनना गाणं पुरवायला वेगळं यंत्र लागतं, शौकीन लोक त्याला सोर्स म्हणतात. सोर्स बरा नसेल तर हेडफोन कितीही भारी असोत, काही उपयोग नाही, असं ते सांगतात. मीही लगेच तसंच सांगायला लागलो.

मला सांगण्याचा अधिकारही होता. मी मूळचा सांगलीचा. वीस-बावीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे म्हैसूरला आलो आणि राहिलो. आमच्या कारखान्यात विजेच्या मोटरी बनतात आणि माझं काम ऐकण्याचं आहे. जाड दाराची एक शांत खोली आहे. तिथे मोटर आणून फिरवतात, मी डोळे मिटून उभा राहतो आणि सांगतो, ‘पुढचं बेअरिंग.’ खोलून बघतात तर पुढचं बेअरिंग. खोलीत यंत्रंही आहेत, ती आलेख काढतात. पण आलेख आणि मी यांच्यात मतभेद झाला तर लोक माझ्याकडे बघतात. हे सुख फार कमी माणसांच्या वाट्याला येतं आणि मी ते चवीने खातो.

तर सोर्स. बंगळूरच्या एका दुकानदाराला मी इतक्या वेळा फोन केला की त्याने कंटाळून तीन यंत्रं माझ्याकडे पाठवून दिली. म्हणाला, “सर, दसऱ्यापर्यंत ऐका. एक ठेवा, दोन परत करा, आणि तोपर्यंत मला फोन करू नका.” पहिलं यंत्र म्हणजे करंगळीएवढी एक कांडी. ती फोनमध्ये खुपसायची की फोनच्या अंगात बळ येतं. दुसरं काळा डबा. त्याला निळे दिवे, इंटरनेटवरून जगातलं कुठलंही गाणं खेचून आणणारा. तिसरा चांगला जाडजूड सीडी प्लेअर. त्याच्या पोटातच हेडफोनसाठी वेगळी, ताकदीची सोय. सीड्या माझ्याकडे कपाटभर पडून होत्या.

अडचण एकच होती. नवरात्र.

माझी बायको इथल्या अग्रहारातली, म्हणजे जुन्या ब्राह्मण वस्तीतली. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या म्हैसूरचं. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं असतं की लग्नानंतर पहिलं वर्षभर मी नुसती मान हलवत होतो. नवरात्रात तिच्या माहेरासारख्याच गावाच्या कडेला हिनकलमधल्या आमच्या घरीही गोंबे मांडतात. गोंबे म्हणजे बाहुल्या. हॉलमध्ये सात पायऱ्या लावायच्या, सर्वांत वर लाकडी राजा-राणी, मग देव, मग वरात, आणि सर्वांत खाली बाजार, बाग, बैलगाडी असला संसार. यासाठी सासूबाई दरवर्षी दहा-बारा दिवस राहायला येतात. आणि त्या पायऱ्या लागतात त्या हॉलमधल्या एकुलत्या एक चांगल्या प्लगसमोर.

“अहो, तुमचं दुकान उचला,” बायको म्हणाली.

“अगं, दहाच दिवस तर माझ्या हातात आहेत.”

“गोंब्यांना पण दहाच दिवस आहेत.”

शेवटी तह झाला. सर्वांत खालच्या पायरीवर, बाजार आणि बाग यांच्या मधे, मला दोन हात जागा मिळाली. अट अशी की दसऱ्याला निवड झालीच पाहिजे, एकच यंत्र घरात राहील, आणि निवड जमली नाही तर हेडफोनसकट सगळं माळ्यावर जाईल. तिच्या आईने साक्षीदार म्हणून मान डोलावली.

त्यामुळे त्या वर्षी आमच्या बाहुल्या बघायला आलेल्या बायकांना मातीचा भाजीवाला, मातीची भाजीवाली आणि त्यांच्या शेजारी निळे दिवे लुकलुकवणारा काळा डबा असं दृश्य दिसत होतं.

“हे काय हो, वाय-फाय?” एकीने विचारलं.

“आमच्या ह्यांचं देवस्थान,” बायको हळदीकुंकू लावता लावता म्हणाली.

मी स्वयंपाकघराच्या दारातून प्रवेश करायचो. खरोखर प्रवेशच. कुणी डब्याकडे नुसतं बघितलं तरी पुरे. कांडीचा आवाज कसा पातळ आहे, सीडी प्लेअरचा दाट पण जरा आळसट, आणि डब्याचा कसा मोकळा, उंच, हवेशीर, हे मी हातवारे करून सांगत असे. बायका उसळीचा द्रोण हातात धरून ऐकत. सासूबाई कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या असत. एकदा त्यांनी मान वर केली.

“जावईबापू, पातळ, दाट, हे गाण्याचं सांगताय की साराचं?”

बायका हसल्या. मीही हसलो, कारण प्रेक्षक माझेच होते. आठव्या दिवशी, घर भरलेलं असताना, मी निकाल जाहीर केला: काळा डबा. टाळ्या पडल्या नाहीत, पण एका बाईंनी “छान” म्हटलं.

नवव्या दिवशी आयुधपूजा. त्या दिवशी म्हैसुरात जे जे म्हणून माणसाला मदत करतं त्याची पूजा होते. मी सकाळी कारखान्यात गेलो. तिथे मोटरींना, यंत्रांना, क्रेनला, कॅन्टीनच्या कढईलासुद्धा हार घातले, अक्षता उधळल्या, आणि रविवारपर्यंत सुट्टी लागली. घरी आलो तर दारासमोर कुंकू भरलेला कोहळा फुटलेला, गाडीला झेंडूची माळ, आणि आत सासूबाईंनी मिक्सर, शिवणयंत्र, कात्री, विळी यांच्या रांगेत माझी तिन्ही यंत्रं आणि हेडफोन मांडून त्यांची यथासांग पूजा केलेली. गंध, कुंकू, फूल, अक्षता.

मी वाकून एकेक भोक तपासलं. त्यात ओलं गंध गेलं असतं तर कारभार आटोपला असता.

“भोकात नाही घातलं हो,” सासूबाई म्हणाल्या. “तेवढं कळतं मला. सगळं वर वर लावलंय.”

खरंच, सगळं वर वर होतं. मी त्यांना वाकून नमस्कार केला. पूजेतली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत वापरायची नाही, म्हणून हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी आम्ही तिघांनी टीव्हीवर हत्तींची मिरवणूक पाहिली. दिवेलागणीला बाहुल्यांच्या राजा-राणीला आडवं करून निजवलं, म्हणजे गोंब्यांचा सण संपला, आणि माझा समारंभ सुरू झाला. निवडलेला काळा डबा, हेडफोन, आरामखुर्ची. वीणेची एक जुनी, संथ ध्वनिमुद्रिका लावली. वादक बाई खालच्या जाड तारेवर उतरल्या, आणि माझ्या डाव्या कानात बारीकसं चर्र झालं.

परत लावली. परत तिथेच चर्र. वरच्या तारेवर काही नाही, खाली उतरलं की चर्र.

आता, ज्या डब्याचं भर सभेत गुणगान केलं त्याला दोन दिवसांत दोष देणं बरं दिसत नाही. म्हणून मी आधी वीज धरली. दसऱ्यात सगळं म्हैसूर दिव्यांनी मढवलेलं असतं. रस्ते, चौक, झाडं, सगळीकडे माळा. एवढे दिवे वीज ओढत असताना घरातली वीज स्वच्छ राहील कशी? मला हा विचार इतका आवडला की मी तो मोठ्याने बायकोला ऐकवला, आणि निदान घरातली तरी घाण काढावी म्हणून दिवे, पंखे, गीझर, टीव्ही आणि फ्रिज बंद करत सुटलो.

“अहो, दोशाचं पीठ आहे आत!”

“दहा मिनिटं फक्त.”

“साकु! पुरे आता! महाराजांच्या वेळेपासून दिवे लागतायत, कुणाच्या कानात नाही ते वाजले!”

अंधारात, उकाड्यात, फक्त निळे दिवे आणि मी. चर्र.

मग डब्याला दोषी ठरवलंच. तार काढून सीडी प्लेअरला जोडली, तीच वीणा सीडीवर होती. चर्र. शेवटी कांडी फोनमध्ये घातली. फोन बॅटरीवर चालतो, त्याला भिंतीतल्या विजेशी आणि गावातल्या दिव्यांशी काही देणंघेणं नाही. वीणा खाली उतरली.

चर्र.

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. तिन्ही सोर्स निर्दोष होते. वीज निर्दोष होती. उरलं होतं एकच यंत्र, आणि ते माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूला जन्मापासून बसवलेलं होतं.

इथे तुम्ही म्हणाल, अहो शहाणे, हेडफोन उलटे घालून बघायचे. डावा उजव्या कानावर. चर्र उजवीकडे गेलं तर दोष हेडफोनचा, डावीकडेच राहिलं तर कानाचा. कारखान्यात कालचा नवखासुद्धा आधी हेच करतो, आणि त्याला ते मीच शिकवलेलं असतं. पण मला ते सुचलं नाही. हेडफोनवर शंका घ्यायची माझी तयारीच नव्हती, त्यांना मी देव्हाऱ्यात बसवलं होतं. आणि भीती बसली की डोकं काम करेनासं होतं. कारण सोमवारी आमची कानांची तपासणी होती. कारखान्यात ती दरवर्षी होते. मी दरवर्षी तिथे विनोद करत जातो. कान गेला की शांत खोली गेली. मग डोळे मिटून ‘पुढचं बेअरिंग’ म्हणणारा दुसरा कुणीतरी, आणि मी वरच्या मजल्यावर खुर्चीत बसून कागदांवर सह्या करणारा. हे मी कुणाला बोललो नाही. जेवताना बायकोने दोनदा विचारलं, “काय झालं? निवड झाली ना?” मी म्हटलं, “झाली, झाली.” तिने न विचारता माझ्या ताटात आणखी भात वाढला.

रविवारचा दिवस मी गुपचूप परीक्षा घेण्यात घालवला. घड्याळ आधी उजव्या कानाशी, मग डाव्या. बोटं चोळून डावीकडे, उजवीकडे. सगळं सारखंच येत होतं. मग वाटलं, बारीक आवाज ठीक आहेत, जाड आवाजावरच कान फाटतोय. घरात जाड आवाज कशाचा? फ्रिजचा. म्हणून मी फ्रिजला डावा कान लावून उभा राहिलो.

“जावईबापू,” मागून आवाज आला, “फ्रिजला काय सांगताय?”

सासूबाई ताटात तांदूळ घेऊन निवडायला बसायच्या बेतात होत्या. माणूस फ्रिजला मिठी मारलेल्या अवस्थेत सापडला की खोटं बोलायला फारसा वाव राहत नाही. मी सगळं सांगितलं. चर्र, तिन्ही यंत्रं, उद्याची तपासणी. त्या ताट मांडीवर घेऊन ऐकत होत्या. मधे एकदाही हसल्या नाहीत.

“मला ऐकू द्या,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला? पण दोष माझ्या कानात आहे.”

“असू दे हो. माझ्या कानात काय आहे ते तरी बघू.”

मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवले. अंबाड्यामुळे ते जरा वर राहिले, त्यांनी दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. वीणा लावली. त्यांचं बोट गुडघ्यावर ताल धरू लागलं. वीणा खाली उतरली, आणि बोट थांबलं.

“अय्यो,” त्या म्हणाल्या. “ह्यात अक्की आहे.”

“काय आहे?”

“तांदूळ. तांदूळ आहे आत. डाव्या बाजूला.”

“वीणेत?”

“तुमच्या ह्या यंत्रात! सुपात वाजतो तसा वाजतोय. अख्खा नाही, कण आहे. अख्खा दाणा असा नाही वाजत, तो जरा जड पडतो.”

मी हसणार होतो. पण मला माझीच खोली आठवली, आणि डोळे मिटून उभा असलेला मी. ‘पुढचं बेअरिंग’ मी जितक्या शांतपणे म्हणतो ना, तितक्याच शांतपणे त्या ‘कण आहे’ म्हणाल्या होत्या.

मी स्क्रूड्रायव्हर आणायला उठलो. येऊन बघतो तर सासूबाईंनी हेडफोन दोन्ही हातांत आडवे धरलेले, जाळी खाली, आणि मनगटाला एक झटका, सुपाने पाखडताना देतात तसा.

“अहो, अहो, अहो!” मी ओरडलो. त्या हेडफोनना मी मऊ फडक्याशिवाय हात लावत नसे.

दुसरा झटका. मग तिसरा, जरा तिरका. आणि समोर पसरलेल्या वर्तमानपत्रावर टप्प असं काहीतरी पडलं.

आवाज ऐकून बायको आली. तिघेही वाकलो. हळदीने पिवळा झालेला, अर्धवट तुटलेला एक तांदळाचा कण. आयुधपूजेची अक्षता. भोकात त्यांनी काही घातलं नव्हतं, ते खरंच होतं. पण अक्षता उधळल्या त्या वरून, आणि माझ्या हेडफोनना आवाज मोकळा सुटावा म्हणून वरून सगळी जाळीच होती.

“म्हणजे अम्मा, तूच घातलीस की!” बायको म्हणाली.

“मी आशीर्वाद दिला,” सासूबाई म्हणाल्या. “आत ह्यांनी घेतला.”

मी हेडफोन चढवले. वीणा खाली, आणखी खाली, अगदी तळापर्यंत उतरली. काही नाही. नुसती तार आणि बोट. मला वाटतं मी त्या वेळी थोडा नाचलो. बायको म्हणते थोडा नाही.

आता निवड नव्याने करणं भाग होतं, कारण बायकोच्या अंगात न्यायाधीश संचारला होता. “डोळे मिटा,” ती म्हणाली, “मी तारा बदलते, तुम्ही ओळखा.” तिन्ही यंत्रांचा आवाज तिने सारखा लावला आणि मी आत्मविश्वासाने सांगत गेलो. हा डबा, ही कांडी, हा प्लेअर. सहा वेळा विचारलं. डोळे उघडले तेव्हा ती हसून हसून आलेलं पाणी पदराने पुसत होती. ज्याला मी हवेशीर म्हटलं ती पातळ आवाजाची कांडी होती.

मग तिने आईला बसवलं. तिन्ही ऐकून त्या म्हणाल्या, “तीच बाई, तीच वीणा. नव्हं?” काळ्या डब्यावर मी त्यांना जगातल्या इतर वीणाही ऐकवायला गेलो. ही ऐका, ही बघा, ही पण. चौथ्या वेळी त्यांनी माझा हात धरला.

“एक तरी पूर्ण होऊ दे हो!”

त्यांच्यासाठी परत सीडी लावली. ती अधेमधे बदलायला उठावं लागतं, म्हणून कुणी उठलं नाही. त्या शेवटपर्यंत ऐकत बसल्या, बोट गुडघ्यावर. मला आठवलं की आठ दिवसांत डब्यावर मी एकही राग पूर्ण ऐकलेला नव्हता. मी डबा ऐकत होतो. सीडी प्लेअर राहिला. ज्या बाई “छान” म्हणाल्या होत्या त्या हल्ली भेटल्या की विचारतात, “तो निळे दिवेवाला कसा आहे?” मी म्हणतो, “मजेत आहे.” बंगळूरला तो मजेतच असणार.

सोमवारी कानांची तपासणी झाली. दोन्ही कान सारखे, वयाला शोभतील असे. मी तिथला नेहमीचा विनोद दोनदा केला आणि खोलीत गेलो. सुट्टीनंतरची पहिली मोटर चाचणीसाठी लावलेली होती, तिच्यावर कुंकवाचा टिळा अजून ताजा. फिरवली. टिक, टिक, टिक. पलीकडचा सहकारी आलेख बघून म्हणाला, “सर, मागचं बेअरिंग. काढायला सांगू?”

मी डोळे मिटले. जरा जास्तच वेळ मिटले, कबूल आहे. मोटरीच्या मागे पंखा असतो आणि पंख्यावर जाळीचं झाकण.

“तांदूळ,” मी म्हणालो.

झाकण काढलं. अक्षता बाहेर पडली. खोलीत अशी शांतता पसरली की ती मी अजून जपून ठेवली आहे. ही विद्या कुठून आली ते मी त्यांना सांगितलं नाही. असल्या गोष्टी लगेच सांगायच्या नसतात.

घरी येऊन मात्र हे सगळं सासूबाईंना सांगितलं, हातवारे करून, शांततेच्या जागी नीट थांबून. त्या अग्रहारात परत जायला पिशवी भरत होत्या. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली, पूर्ण ऐकून घेतलं.

“अख्खा होता की कण?” त्यांनी विचारलं.

मी बघितलंच नव्हतं.